कागद गुंडाळलेली गोळी : साचा घेण्याआधी नळी मोजा

रानवाट

'शार्प्स रायफल हातात आली, आता कागदी गोळी ओतायला कोणता साचा मागवू?' इथे अमेरिकेत काळ्या दारूच्या जुन्या रायफलींच्या छंदाला नव्याने लागलेली मराठी मंडळी मला हे नेहमी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझं उत्तर ठाम आहे : साचा सगळ्यात शेवटी. आधी नळी, मग कागद, मग शिसं-कथिलाचं प्रमाण, आणि या तिन्हींतून जो आकडा निघेल त्या आकड्याचा साचा. बरेच जण सुरुवातच साच्यापासून करतात आणि मग त्या साच्याला बसेल असा कागद शोधत फिरतात.

विषय नवीन असलेल्यांसाठी थोडं मागून सांगतो. १८७० च्या दशकातल्या शार्प्स, रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक अशा रायफलींची काडतुसं म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यात काळी दारू आणि पुढे शिशाची जड गोळी. काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भागाचा वायू होतच नाही, तो घन राहतो आणि नळीत काजळीचा थर धरतो. त्यात शिसं मऊ. ते नळीतल्या पोलादी आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, थेट घासलं तर नळीला आतून शिशाचा मुलामा चढतो आणि नेम बिघडतो.

यावर त्या काळी दोन उपाय होते. पहिला, गोळीच्या अंगावर खाचा ठेवून त्यात मेण-चरबीचं वंगण भरायचं. दुसरा, गोळी गुळगुळीत आणि नळीपेक्षा किंचित बारीक ओतायची आणि तिच्यावर पातळ कागदाचे दोन वेढे द्यायचे. मग शिशाचा पोलादाला स्पर्शच होत नाही. नळीतून जाताना आट्यांच्या धारा कागद चिरतात आणि तोंडाबाहेर पडल्यावर तो तुकडे होऊन गळतो.

लांब पल्ल्यावर हा दुसरा उपाय गाजला. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूरच्या मैदानात आयरिश आणि अमेरिकन संघांचा सामना झाला. पल्ले ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश संघाकडे तोंडाने भरायच्या रिग्बी रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिकन ९३४ विरुद्ध ९३१ असे जिंकले. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या भलत्याच लक्ष्याच्या मध्यात लागली आणि तिचे गुण धरले गेले नाहीत, एवढा तो सामना चुरशीचा होता. मागून भरायची रायफल लांब पल्ल्याला चालते हे त्या दिवशी लोकांना पटलं, आणि त्या अमेरिकन काडतुसांत होती ती ही कागदी गोळीच.

आता नळी. नळीत आटे असतात, म्हणजे उंचवटे आणि चर. मऊ शिशाचा एक लहान तुकडा तेल लावून नळीतून हळूहळू ढकलत बाहेर काढायचा आणि त्यावर उमटलेले दोन्ही व्यास मायक्रोमीटरने मोजायचे. ४५ कॅलिबरमध्ये, म्हणजे ०.४५ इंचाच्या नळीत, सामान्यतः उंचवट्यांवर ०.४५० इंच आणि चरांत ०.४५८ इंच मिळतात, पण 'सामान्यतः' वर विसंबू नका. तुमच्या नळीचा आकडा तुम्हीच घ्या.

मग कागद. दोन वेढे म्हणजे व्यासावर कागदाच्या चार जाड्या. हे विसरलं की सगळा हिशेब फसतो. कागद ०.००२ इंच, म्हणजे दोन थाऊ जाड असेल तर गोळीवर आठ थाऊ चढतात. ०.४५० च्या नळीसाठी गोळी आली ०.४४२. कागद अर्ध्या थाऊने जास्त जाड घेतलात तर लगेच दोन थाऊंचा फरक. ओला कागद ताणून गुंडाळला की थोडा पातळ होतो, त्यामुळे शेवटी मायक्रोमीटर सांगेल ते खरं. तयार गोळी नळीच्या तोंडात अंगठ्याने दाबून बघा. कागद न फाटता, किंचित जोर लावून आत सरकली तर माप जमलं.

तिसरी गोष्ट धातू. उंचवट्यांच्या मापाची गोळी चरांत बसते कशी, असा प्रश्न पडेल. काळी दारू एकदम पेटते आणि तिचा धक्का गोळीच्या बुडाला बसतो. मऊ गोळी त्या धक्क्याने आखूड होऊन फुगते आणि कागदासकट चरांत भरते. म्हणून धातू फुगण्याइतका मऊ हवा, पण इतकाही मऊ नको की गोळीचं लांब नाक त्याच धक्क्याने एका बाजूला बसेल. निव्वळ शिशात हाच धोका असतो. शिसं-कथील १६ ला १, २० ला १, ३० ला १ ही चालणारी प्रमाणं. मी नव्या माणसाला २० ला १ सांगतो : १० किलो शिशाला अर्धा किलो कथील. कथील म्हणजे आपल्या कल्हईतलंच. त्याने धातू थोडा कडक होतो आणि साच्यात नीट वाहतो, कोपरे भरतात. गाडीच्या चाकांची जुनी वजनं फुकट मिळतात म्हणून वापरू नका. त्यांत अँटिमनी असतं, गोळी कडक होते आणि या कामाला हवी तशी फुगत नाही.

प्रमाण बदललं की त्याच साच्यातून पडणाऱ्या गोळीचा व्यासही थोडा बदलतो. म्हणून साचा मागवताना कारागिराला सांगायचं : मला २० ला १ धातूत ०.४४२ हवी. नुसतं 'पंचेचाळीसचा साचा द्या' म्हणून भागत नाही.

ओतकाम आणि कागद गुंडाळणं खाली प्रतिसादांत लिहितो. प्रश्न विचारा.

सह्यभटक्या

या विषयावर मराठीत पहिल्यांदाच वाचतोय. कागद कोणता? साधा प्रिंटरचा चालतो का? पतंगाचा? पुण्याची हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद बनवते, तो घेता येईल का?

रानवाट

@सह्यभटक्या, प्रिंटरचा कागद साधारण चार थाऊ असतो. चार जाड्या म्हणजे सोळा थाऊ. त्याच्यासाठी गोळी फारच बारीक ओतावी लागेल. पतंगाचा कागद पातळ असतो, पण ओला झाल्यावर बोटांच्या ताणाला टिकायला हवा, तिथे तो कच्चा पडतो. हातकागदाचा कच्चा माल अगदी बरोबर आहे, फक्त तो कागद जाड असतो.

चांगला कागद म्हणजे सुती धाग्यांचा पातळ टंकलेखनाचा कागद. इथे त्याला कांद्याच्या सालीचा कागद म्हणतात, टाइपरायटरच्या काळात कार्बन कॉपीसाठी वापरत तो. सुती कागद ओला झाला की ताणतो आणि वाळताना आकसून गोळीला घट्ट धरतो. एकदा आवडता कागद सापडला की एकाच खेपेचा भरपूर घेऊन ठेवा. पुढच्या खेपेची जाडी वेगळी निघते आणि सगळं माप पुन्हा काढावं लागतं.

गुंडाळायची पद्धत अशी. पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा एक नमुना कापून घ्यायचा, दोन्ही टोकं तिरकी असलेला. लांबी अशी की दोन वेढे पूर्ण होऊन टोकं एकमेकांजवळ येतील पण एकमेकांवर चढणार नाहीत. ०.४४२ च्या गोळीला साधारण २.८ इंच लागतात. टोक टोकावर चढलं की तिथे एक जाडी वाढते आणि गोळी एका अंगाला जड होते. टोकांमध्ये केसाएवढी फट राहिली तर हरकत नाही. रुंदी अशी की कागद नाकाच्या वळणाच्या सुरुवातीपर्यंत पोचेल आणि मागे बुडाखाली दुमडायला थोडा उरेल. कागद पाण्याने ओला करायचा, काचेवर पसरायचा, गोळी कडेला ठेवून बोटांनी लाटत न्यायची. मागची शेपटी दुमडायची किंवा पिळायची. पिळायची असेल तर साचा बुडाला थोडी खोलगट वाटी असलेला हवा, म्हणजे पीळ तीत बसतो. रात्रभर वाळू द्यायचं.

वेढा आट्यांच्या दिशेने द्यावा की उलट, यावर इथे जुना वाद आहे. मी उलट देतो, पण दोन्ही बाजूंना उत्तम नेमबाज आहेत. टोकं नीट जुळवण्याचं महत्त्व त्याहून कितीतरी जास्त.

लेथवाला

व्यासाचं कळलं, पण लांबी कशी ठरवायची? गोळीच्या स्थैर्यासाठी आट्यांचा पीळ आणि लांबी यांचा संबंध असणार. वूलिचच्या ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र आठवलं : पीळ = १५० × व्यासाचा वर्ग ÷ लांबी. ०.४५ व्यास आणि १८ इंचांत एक फेरा असा पीळ धरला तर लांबी सुमारे १.६९ इंच येते. एवढी लांब गोळी चालते?

रानवाट

@लेथवाला, हिशेब बरोबर आहे, पण ती हद्द आहे, तिथपर्यंत जाऊ नका. या गोळ्या आवाजाहून जास्त वेगाने निघतात आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येतात. त्या टप्प्यात गोळीला डगमगायला निमित्त पुरतं. शिवाय लांब गोळी म्हणजे लांब नाक, आणि लांब नाक धक्क्याने वाकतं. १८ च्या पिळाला १.४ इंचाच्या आसपास, ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम वजनाची गोळी हा बहुतेकांचा मुक्काम आहे. नाक टोकदार न घेता लंबगोल घ्या. टोकदार नाक कागदावर देखणं दिसतं, पण २० ला १ च्या मऊ धातूत लंबगोल नाकच आपला आकार राखतं.

लांबी कमीजास्त करता येणारे साचे मिळतात, बुडाचा दट्ट्या वरखाली होतो. पहिला साचा तसाच घ्यावा. व्यास आधी मोजून पक्का करता येतो, लांबी मात्र मैदानावर गोळ्या झाडूनच ठरते.

निळाई

मी व्यावसायिक आरोग्य क्षेत्रातली डॉक्टर आहे. शिसं वितळवण्याबद्दल इथे कुणी लिहीपर्यंत थांबणार होते, पण हे आधीच यायला हवं.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात. खरा धोका वर येणाऱ्या राखाडी मळीच्या धुळीचा. ती हातांवर, कपड्यांवर, जमिनीवर बसते आणि तोंडावाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. म्हणून स्वयंपाकघरात हे काम कधीही नको, आणि ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते पुन्हा कोणत्याही खाण्याच्या कामाला नको. उघड्यावर किंवा हवा खेळती असलेल्या शेडमध्ये करा. काम चालू असताना खाणं, पिणं, विडी-सिगारेट बंद. कपडे वेगळे धुवा. नियमित ओतकाम करणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी. गर्भवती स्त्रीने त्या शेडमध्ये जाऊच नये.

रानवाट

@निळाई ताई, मनापासून आभार. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. त्यात एकच भर : पाणी. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब बुडाला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं भांड्याबाहेर उडतं. ओला चमचा, ओलसर शिशाचा तुकडा, घामाचा थेंब, काहीही. चेहऱ्यावर ढाल, हातात चामडी मोजे, पायात बंद बूट, आणि नवीन तुकडे भांड्याच्या कडेवर तापवून कोरडे करूनच आत.

आता ओतकाम. धातू ३७० ते ४०० अंशांच्या दरम्यान ठेवा, थर्मामीटर लावून. मधमाशीच्या मेणाचा लहान तुकडा टाकून ढवळलं की कथील पुन्हा मिसळतं आणि मळी वर येते, ती काढून टाका. साचा तापेपर्यंतच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या परत भांड्यात. सगळ्या अंगावर पांढुरकी झाक आली तर साचा फार तापलाय. या मोठ्या गोळ्यांना मी तळाशी तोटी असलेल्या भांड्यापेक्षा हातातला ओतचमचा पसंत करतो. चमच्याची चोच साच्याच्या भोकाला टेकवून ठेवायची आणि साचा भरल्यावरही क्षणभर तशीच धरायची. शिसं थिजताना आकसतं, तेव्हा वरून आणखी शिसं मिळालं तर बुडाची कड धारदार निघते. ती कड गोल निघालेली गोळी मी ठेवत नाही, मग वजन कितीही जुळो. गोळी नळीतून बाहेर पडताना सगळ्यात शेवटी बूडच सुटतं. तिथे एका बाजूने वायू आधी निसटला की गोळी तिरकी होते.

हाताची लय एकसारखी ठेवा. मध्ये फोन घेतलात तर साचा थंड होतो, पुढच्या काही गोळ्या बाजूला काढा. नंतर प्रत्येक गोळी तोलायची आणि अर्ध्या ग्रेनच्या आतल्या गोळ्या एका डब्यात.

अजिंक्यतारा

सातारकर, इतिहासाचा विद्यार्थी. वाचता वाचता १८५७ आठवलं. एन्फिल्डच्या काडतुसाचा कागदही हाच म्हणायचा का? आम्ही शिकतो ते चरबीबद्दल, कागदाबद्दल कुणी बोलत नाही.

रानवाट

@अजिंक्यतारा, हो, नातं अगदी जवळचं आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड तोंडाने भरायची होती. तिचं काडतूस म्हणजे कागदाची नळकांडी, एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीकडचं टोक बाहेरून मेण-चरबीत बुडवलेलं. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळी कागदासकट तोंडात बसवायची आणि वरचा उरलेला कागद फाडून टाकायचा. म्हणजे गोळी कागदातच खाली जायची. नळी ०.५७७ इंचांची, गोळी तिच्याहून बारीक, आणि मधली जागा त्या चरबीतल्या कागदाने भरलेली. कामाचं तत्त्व तेच, फक्त तिथे काडतुसाच्या वेष्टणानेच ते साधलं होतं.

अजिंक्यतारा

मग एक गोष्ट आता नीट उलगडते. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला चरबीची बातमी फुटली, आणि फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी कागदावरच संशय घेतला. नवा कागद चकचकीत दिसतो, त्यातच चरबी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. चौकशी करणाऱ्यांसमोर तो जाळूनही पाहिला गेला. मंगल पांडे २९ मार्चचे, म्हणजे त्यानंतरचे. सरकारने नंतर दातांऐवजी हाताने फाडायची मुभा दिली, पण गोळीबरोबर कागद नळीत जातो तो जातोच. तो वंगण लावलेलाच लागतो हे तुमच्या प्रतिसादातून कळलं. शिपायांनी तो कागद स्वतः पाहिला होता, त्यांचा संशय नुसत्या अफवेवर उभा नव्हता.

खडकीकर

आमचं बालपण खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या भोंग्यावर गेलं. तो कारखाना १८६९ चा. याच काळातली इंग्रजांची मार्टिनी-हेन्री कागदी गोळीचीच होती ना? हिंदी पलटणींना ती मिळाली होती का?

रानवाट

@खडकीकर काका, होय. मार्टिनी-हेन्री १८७१ ची. तिची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम, धातू १२ ला १, अंगावर कागद, मागे ८५ ग्रेन काळी दारू. तिच्या आधीच्या स्नायडरच्या गोळीला कागद नव्हता, खाचा होत्या.

१८५७ नंतर हिंदी शिपायांना गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची असं धोरण राहिलं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ते दिसतं. ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री, आणि शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. एकाच रणांगणावर दोन वेगळी काडतुसं. आपली माणसं तिथे मेली, त्यामुळे हा तपशील मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

सह्यभटक्या

हे सगळं भारतात करता येईल का?

रानवाट

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शस्त्रं किंवा दारूगोळा बनवायला परवाना लागतो. घरी गोळ्या ओतून बघू असं कुणीही करू नये. इथे येणं झालं तर न्यू मेक्सिकोत रॅटनजवळ व्हिटिंग्टन सेंटर आहे, कोलोरॅडोची सीमा ओलांडली की लगेच. काळ्या दारूच्या रायफलींची धातूच्या आकृत्यांवरची स्पर्धा तिथे १९८५ पासून होते. २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर डुकरं, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढे. जुन्या रायफली आणि त्यांच्यावर जीव लावणारी माणसं एकाच ठिकाणी भेटतात.

टेक्सासचा_वारा

रानवाटदादा, माझी अडचण. माप तुम्ही म्हणता तसंच, ०.४४२ वर कागद चढवून ०.४५०. पहिल्या दोन-तीन गोळ्या छान, मग एखादी एकदम फूटभर बाहेर. नळीतून चिंधी ढकलली की अधूनमधून कागदाचं छोटं कडं निघतं. बाकी कागद तोंडापुढे बारीक तुकड्यांत पडलेला असतो.

रानवाट

तुकडे बारीक आहेत म्हणजे कागद आणि गुंडाळणं दोन्ही ठीक. लांब पट्ट्या किंवा जळक्या कडा दिसल्या असत्या तर वेगळा विचार केला असता. ते कडं मात्र खरं कारण सांगतंय. तुमची पुंगळी चेंबरपेक्षा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीपेक्षा, आखूड आहे. पुंगळीचं तोंड आणि चेंबरची पायरी यांच्यात फट राहते, मऊ गोळी धक्क्याने त्या फटीत फुगते आणि पायरीच्या कडेवर कागद गोल कापला जातो. ते कडं पुढच्या गोळीच्या वाटेत राहतं आणि ती गोळी भरकटते.

चेंबरचा ठसा घ्या. कमी तापमानाला वितळणारा सेरोसेफ मिश्रधातू त्यासाठीच मिळतो. पायरीपर्यंतची लांबी मोजा आणि पुंगळ्या त्याच लांबीच्या घ्या. झाडल्यावर पितळ थोडं आखूड होतं, म्हणून वापरलेल्या पुंगळ्या मोजा, नव्या नव्हे. शिवाय प्रत्येक गोळीनंतर नळी पुसता का? नळीच्या मापाची कागदी गोळी काजळीवरून नीट जात नाही. एक ओली चिंधी, एक कोरडी, मग पुढचं काडतूस. नुसती फुंकनळी, म्हणजे श्वासाच्या ओलाव्याने काजळी मऊ करायची नळी, वापरून खाचांची गोळी चालते, ही नाही.

टेक्सासचा_वारा

पुसतो प्रत्येक वेळी. पुंगळ्या आत्ता मोजल्या. २.१०५ अपेक्षित होत्या, वापरलेल्या २.०८५ निघाल्या. ठसा शनिवारी घेतो.

रानवाट

वीस थाऊ तर इथेच सापडले. ठशाचा आकडा आला की इथेच टाका. तोवर नवीन साचा मागवू नका, तुमचा आहे तो बरोबर आहे.